नाव कोरलेला चाकू

माझ्या मालकीचे मध्यंतरी बरेच दुर्मिळ चाकू होते. एक लालभडक होता, एक चुन्यासारखा पांढरा होता, एकाच्या पात्यावर वाघ धावायचा. पण कांदा चिरायचा झाला तर मला शेजारच्या जमनावहिनींची विळी मागून आणावी लागायची. आमच्या घरातल्या एकुलत्या एक खऱ्या चाकूची मूठ निघाली होती आणि बाकीचे सगळे चाकू कॉम्प्युटरच्या आत होते.

हे मी भाईदासला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. भाईदास म्हणजे जमनावहिनींचे यजमान, निवृत्त तलाठी. नंदुरबारात उन्हाळ्यात कोणाच्याही कपाळाला हात लावला तरी ताप असल्यासारखाच लागतो, त्यामुळे त्याची खात्री पटली.

"राजूभाऊ, चाकू शे ना तो? मंग त्यामां काकडी तरी कापता येस का?"

"नाही."

"मंग तो चाकू कसाना? तो तं चाकूना फोटो!"

मी म्हटलं, सातबारा तरी काय असतो? जमिनीचा फोटोच. पण त्यापायी भाऊ भावाचं डोकं फोडतो की नाही? आयुष्यात त्याला गप्प करण्याचा मान मला तेव्हा एकदाच मिळाला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंदुकांचा खेळ आहे. आपले पाच, समोरचे पाच, एकमेकांना शोधायचं आणि मारायचं. प्रत्येकाच्या कमरेला एक चाकूही असतो. सगळे चाकू मारतात सारखेच, फरक फक्त वरच्या रंगाचा आणि नक्षीचा. आणि त्या नक्षीसाठी जग वेडं झालं आहे. हसण्याचं कारण नाही. जिल्हा परिषदेत माझी उभी हयात गेली. तिथं साहेबांच्या खुर्चीला टॉवेल असतो आणि कारकुनाच्या खुर्चीला नसतो. बसायला दोन्ही सारख्याच, पण त्या टॉवेलासाठी माणसं काय काय करतात ते मी पाहिलेलं आहे.

आता हा उद्योग मी कशाला आरंभला? आमची एकुलती एक मुलगी रुपा लग्नानंतर बंगळुरूला असते. जावई हेमकांतराव सज्जन आहेत. रुपाचा जुना कॉम्प्युटर तिच्या खोलीत तसाच आहे. एका रविवारी दुपारी धूळ पुसता पुसता मी तो चालू केला. त्याचा पंखा गिरणीसारखा गरगरला आणि पडद्यावर तो खेळ उघडला. कोपऱ्यात रुपाचं नाव होतं आणि नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे ती आत्ता, या क्षणी, खेळत होती. थोड्याच वेळापूर्वी मी फोन केला होता तेव्हा ती म्हणाली होती, "नाना, कामात आहे, नंतर करते."

मला राग आला नाही. खरंच नाही आला. माझी बायको आशा गेल्यापासून या घरात मी हलवलेल्या वस्तूशिवाय काही हलत नाही. तिथं तो ठिपका आपला आपण लुकलुकत होता. चहा निवेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो. मग मनात आलं, जिथं ही पोर तासन्‌तास असते तिथंच जावं की आपण. माहेरवाशिणीला आणायला मुराळी जातो, तो काय वाट बघत घरी बसतो?

पण जाणं सोपं नव्हतं. आधी जन्मवर्ष विचारलं. पडद्यावर चालू वर्ष होतं आणि तिथून उंदराचं चाक फिरवत मागं मागं जायचं होतं. रुपाचं लग्न गेलं, माझी नोकरी गेली, आणीबाणी गेली, तरी माझा जन्म काही येईना. मग मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला सांगितलं. चित्रांतले सगळे सिग्नल ओळखा. मी ओळखले, तर म्हणे चूक. हयातीचा दाखला देताना बँकेतही मी इतका अपमानित झालो नव्हतो.

शेवटी नाव. खरं नाव द्यायचं नव्हतं, कारण वडील आले आहेत म्हटल्यावर पोरगी लाजेनं खेळच सोडेल ही भीती. भाईदासनं 'खान्देशना वाघ' सुचवलं, पण तसे वाघ आधीच पुष्कळ होते. मग मी 'कक्ष अधिकारी' असं टाकलं आणि ते चटकन मिळालं. जे पद शासनानं मला निवृत्तीपर्यंत दिलं नाही ते इथं एका बोटावर मिळालं. मी वरिष्ठ सहायक म्हणून सेवानिवृत्त झालो. त्याविषयी मला बोलायचं नाही.

रुपाचा संघ शोधला. चार जण ठरलेले, पाचवी जागा बहुतेक रिकामी. मी आत शिरलो, सर्वांस नमस्कार असं लिहिलं, आणि एका आवाजानं मला बाहेर काढलं. तो आवाज रायपूरच्या एका सिमेंट व्यापाऱ्याचा होता हे मागाहून कळलं. "सादा चाकूवाला है, निकालो इसको," असं तो म्हणाला. सगळे हसले. त्यात रुपाचं हसणं मी ओळखलं. कितीतरी महिन्यांनी ते ऐकलं होतं, त्यामुळे अपमान नेमका कुठे झाला हे कळायला मला वेळ लागला.

झालं, चाकू मिळवायचा म्हणून मी कंबर कसली. चाकू मिळवायचे तीन रस्ते. रोज नेमून दिलेली कामं करायची, पेट्या उघडून नशीब अजमावायचं, नाहीतर दुसऱ्याशी अदलाबदल करायची. कामं म्हणजे धावा, उड्या मारा, मागून जाऊन शत्रूला भोसका. धावणं जमलं. मागून भोसकणं मात्र माझ्याच्यानं होईना. पाठमोरा माणूस, बिचारा कुठंतरी बघतोय, त्याला कसं भोसकणार? मी आधी समोर जाऊन उभा राहायचो, म्हणजे त्याला कळावं. त्याला कळायचं, आणि मी मरायचो.

पेट्यांच्या बाबतीत जमनावहिनींनी लक्ष घातलं. "भाऊ, पेटी उघडाना आगोदर उदबत्ती लावा. रिकामी निघनी का मंग देवले दोष देऊ नका." मी उदबत्ती लावली, कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं आणि पेटीवर बोट ठेवलं. पेटी गरगर फिरायला लागली, सोनेरी उजेड पडला आणि घरातली वीज गेली. वीज आली तेव्हा पेटी उघडून गेलेली होती आणि माझ्या खात्यात एक चाकू पडलेला होता, शेवाळलेल्या रांजणाच्या रंगाचा. तो कसा आला हे मी पाहिलंच नाही. एवढ्या समारंभानं झालेल्या बारशाला बापच गैरहजर.

अदलाबदल हा खरा माझा प्रांत असायला हवा होता. आशा जुन्या कपड्यांवर भांडी घ्यायची तेव्हा बोहारीण रडकुंडीला यायची, आणि मी पेपराआडून ते सगळं ऐकलेलं होतं. पण ऐकणं वेगळं. माझे तीन चाकू देऊन मी वाघवाला एक घेतला, तर त्याच्यावर ओरखडे होते. चिंच लावून घासले तरी जाणारे नव्हते. तरी वाघ तो वाघ. पुढच्या रविवारी तो कमरेला लावून गेलो तर रायपूरवाला म्हणाला, "आइये साहब, आइये." टॉवेल लागला की खुर्चीला मान येतो.

मग माझे रविवार सुरू झाले. मी सगळ्यांत आधी मरायचो. पहिले काही दिवस अज्ञानामुळे आणि पुढे मुद्दाम. कारण त्या खेळात मेलेल्या माणसाला त्या डावापुरतं बाजूला बसवतात आणि जिवंत साथीदाराच्या डोळ्यांतून पुढचं सगळं बघू देतात. मी मरायचो आणि रुपाच्या डोळ्यांतून बघत बसायचो. ती वळली की मी वळायचो, ती दाराआड दबा धरून थांबली की मीही श्वास धरायचो. सायकल शिकवताना मागून पळालो होतो त्यानंतर एवढा तिच्या पाठीशी मी कधी नव्हतो. जगून हे सुख मिळालं नसतं.

दुसरा नियम असा की मेलेल्याचं बोलणं फक्त मेलेल्यांनाच ऐकू जातं. हा तर मला फारच मानवला. जिवंतपणी मी तोंड उघडत नसे, कारण रुपा आवाज ओळखेल. मेलो की माइक चालू करायचो आणि बोलत सुटायचो. मिरचीचा हंगाम लागला, सगळं गाव खोकतंय. तुझ्या आईची तुळस मी जगवली आहे, पण ती माझ्याकडे रागानं बघते. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं, सांगायला कोणी नव्हतं म्हणून तशीच खाल्ली. रुपा तिकडे जिवंत, गोळ्या झाडत, तिला यातलं अक्षर ऐकू जायचं नाही. ऐकायचा तो रायपूरवाला, कारण तोही लवकर मरायचा. एकदा तो म्हणाला, "साहब, ये सब बेटी को फोन पे क्यों नहीं बोलते?" मी म्हटलं, फोनवर ती ऐकत असते हो, म्हणून बोलता येत नाही. रुपा चुकून लवकर मेलीच तर मी तत्काळ माइक बंद करायचो.

अशातच मला रुपाचं चाकूंचं पान दिसलं. फडताळात पेले मांडावेत तसे सगळे चाकू ओळीनं, आणि मध्ये एक जागा रिकामी. ती ज्या चाकूसाठी होती तो मोरचुदाच्या रंगाचा, निळा हिरवा चमकणारा, वाकड्या पात्याचा चाकू. खाली तिनं लिहिलं होतं, हवा आहे. तिला काही हवं आहे हे मला कोणी कितीतरी दिवसांत सांगितलं नव्हतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात. मी ठरवलं, हा मोरचुदी चाकू तिला आखाजीची भेट म्हणून पाठवायचा. ती उघडेल, तिला कळेल कोणी पाठवला, ती हसेल, आणि मग म्हणायचं, ये ना घरी.

त्या एका चाकूसाठी मी जमवलेले जवळजवळ सगळे चाकू गेले. वाघ गेला तेव्हा वाईट वाटलं. पण मोरचुदी हातात आला आणि असा चमकला की भाईदाससुद्धा चष्मा पुसून म्हणाला, "फोटो तं बेस शे."

आणि इथं माझ्या हातून जे झालं ते आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. चाकूखाली एक बटण होतं, नाव कोरा. आमच्या घरात नाव घातल्याशिवाय भांडं फळीवर चढत नाही. रुपाच्या लग्नातल्या प्रत्येक तांब्यावर, प्रत्येक डब्यावर आशानं दुकानात समोर उभं राहून नाव घालून घेतलं होतं, 'चि. रुपा हिस आईकडून'. माझं नाव कशावरच नाही, कारण मी तेव्हा मांडववाल्याशी भांडत होतो. तर मी ते बटण दाबलं आणि लिहिलं, 'चि. रुपा हिस नानांकडून'. अक्षरं बरोबर मावली. खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत लांबलचक सूचना आली. परिपत्रक न वाचता 'वाचले, समजले' अशी सही करण्यात माझा हात धरणारा आमच्या विभागात कोणी नव्हता. मी मान्य आहे दाबलं.

मग भेट पाठवा दाबलं. उत्तर आलं, नाव कोरलेली वस्तू दुसऱ्याला देता येत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा लेकीसाठी एका वस्तूवर नाव घातलं आणि त्या नावामुळेच ती वस्तू माझ्याकडे अडकली.

पण मी कारकून आहे, सहज हरत नाही. कंपनीला रीतसर अर्ज केला. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, सविनय सादर. चुकीनं झालेलं कोरीव काम रद्द होऊन मिळावं, अथवा खास बाब म्हणून हस्तांतरास मंजुरी मिळावी. उत्तर क्षणात आलं. इतक्या लवकर आलेलं उत्तर कोणी वाचून दिलेलं नसतं हे मी अनुभवानं सांगतो. त्यात लिहिलं होतं, आम्हाला तुमचा उत्साह आवडला, नव्या चाकूचा आनंद घ्या! मी स्मरणपत्र पाठवलं. आनंद घ्या! दुसरं स्मरणपत्र पाठवलं. त्यांनी मला सेवेबद्दल तारे द्यायला सांगितले.

भाईदासनं यावर तलाठ्याचाच तोडगा काढला. "वारस लावी दे ना पोरले. तू गया का चाकू तिना नाववर व्हई जाई."

मी तेही विचारलं. खातं वारसाला मिळत नाही, असं उत्तर आलं, आणि खाली आनंद घ्या होतंच. जमनावहिनी भाईदासवर कडाडल्या, "सणसुदले मरानं काय बोलतस?" आणि मला सांजोऱ्यांचं सारण चाखायला दिलं. ते घेऊन मी घरी आलो आणि रुपाला फोन लावला. चाकू राहू दे, म्हटलं सरळच विचारावं. यंदा आखाजी रविवारीच येते आहे, येशील का?

ती म्हणाली, "नाना, आई नाही. तर मग आखाजीला येऊन काय करू?"

तिनं लागेल असं म्हटलं नव्हतं, सहज म्हटलं होतं. म्हणूनच जास्त लागलं. मी म्हटलं, बरोबर आहे, बरोबर आहे, उन्हात कशाला दगदग. फोन ठेवला आणि सारणाची वाटी तशीच राहिली. म्हणजे हे घर आईचं होतं आणि मी त्यातला भाडेकरू. त्या खेळात ती मला ओळखत नाही म्हणून तरी मला ठेवून घेते. उद्या तिला कळलं आणि तिथूनही तिनं हळूच काढलं, तर रविवारीसुद्धा मला जायला जागा नाही. माझ्याजवळ गमावण्यासारखं एवढंच उरलं होतं.

आखाजीच्या सकाळी मी आशाच्या नावानं घागर भरली, वर आंबा ठेवला, पाया पडलो. गल्लीत पोरींचे झोके चालले होते. दुपारी खिडक्या लावून कॉम्प्युटरसमोर बसलो. हिरवा ठिपका होता. सणाच्या दिवशीही ती तिथंच होती आणि मीही.

तो मोरचुदी चाकू मी आजवर कमरेला लावला नव्हता. त्या खेळात माणूस मेला की त्याचा चाकू जमिनीवर पडतो आणि डाव संपेपर्यंत कोणीही साथीदार तो उचलू शकतो. म्हणजे मी लावला, मेलो आणि तिनं उचलला तर ती त्यावरचं नाव वाचणार. मी बराच वेळ विचार केला आणि लावला. भाईदासचा वारसाचा तोडगा तेवढा तरी चालेल का, बघू म्हटलं.

डाव सुरू झाला. मी रुपाच्या पुढं धावत गेलो, चौकात उभा राहिलो आणि शत्रूला दिसेल असा थांबलो. त्यानंही वेळ लावला नाही. मी पडलो आणि नेहमीप्रमाणे तिच्या डोळ्यांतून बघायला लागलो. ती जपून भिंतीकडेनं आली. जमिनीवर निळं हिरवं चमकलं. ती थबकली, वाकली, तिनं चाकू उचलला आणि पाहण्यासाठी हातात फिरवला. पात्यावरची अक्षरं तिला दिसली तेव्हाच मलाही दिसली.

ती हललीच नाही. समोरून दोन जण आले, गोळ्या सुटल्या, जिवंत साथीदार ओरडले, पण तिनं बंदूक उचललीच नाही. ती तशीच उभी राहून मेली.

म्हणजे तीही आता आम्हा मेलेल्यांत आली. मी माइक बंद केला नाही.

"नाना?"

लेखी विचारणा झाल्याशिवाय उत्तर न देण्याची सवय जात नाही. शेवटी रायपूरवालाच म्हणाला, "साहब, बेटी बुला रही है."

"हो," मी म्हटलं.

बंगळुरूला गेल्यापासून रुपा माझ्याशी शुद्ध बोलते. त्या वेळी मात्र तिला ते भान राहिलं नाही. "नाना, हाई नाव तुम्ही कोरं का?"

"हो. ते तुला पाठवता येत नाही आता. मी अर्ज केले होते."

"आणि दर रविवारे सगळास्ना आगोदर मरस तो कक्ष अधिकारी बी तुम्हीच का?"

"हो."

ती हसली की रडली हे मला कळलं नाही. रायपूरवाला तिला सांगायला लागला, बहनजी, हे तुमच्याशीच बोलत असतात, तुम्ही जिवंत असता तेव्हा. मीठ दोनदा पडलं तेही मला पाठ आहे. मी त्याला थांबवणार तोच डाव संपला, नवा सुरू झाला आणि आम्ही सगळे पुन्हा जिवंत झालो. रुपा माझ्या शेजारी उभी होती. जिवंत झाल्यावर मी सवयीप्रमाणे गप्प बसलो.

"नाना, बोला ना," ती म्हणाली. "मरानी वाट काय देखी ऱ्हायनात?"

सांगण्यासारखं पुष्कळ साठलेलं होतं. तुळस होती, मिरची होती, वाघाचा चाकू कसा गेला ते होतं. त्यातलं काहीच तोंडाशी आलं नाही.

"रुपा," मी म्हटलं, "तुन्ही आई नही शे, खरं शे. पण मी शे ना आठे."

आम्ही दोघं तशीच उभी होतो तेव्हा मागून कोणीतरी येऊन दोघांनाही मारलं. त्यानं आधी समोर येण्याची तसदी घेतली नाही. पण या वेळी दोघंही मेलेली असल्यामुळे बोलायला काहीच अडचण नव्हती.